दिनकर, तुझं विधेयक मांडायचं राहिलं

दिनकर,

तू बुधवारी गेलास. शुक्रवारची लोकसभेच्या कामकाजाची यादी त्याआधीच तयार झालेली होती आणि तिच्यात तुझं नाव होतं. खाजगी सदस्यांची विधेयकं, क्रमांक अकरा. गुरुवारी तुला पोचवून गावाहून सांगलीला परत आलो, आंघोळ केली आणि मोबाईलवर ती यादी उघडून बघितली. अकरा नंबरला तूच होतास. सकाळी मी ज्याच्या चितेवर लाकूड ठेवलं, तो माणूस उद्या दुपारी दिल्लीत उठून उभा राहणार आणि परवानगी मागणार, असं त्या यादीत लिहिलेलं होतं.

शुक्रवारी मी साखर कारखान्यात रजा टाकली. हंगाम सुरू असताना हिशेब विभागातल्या माणसानं रजा टाकलेली आमच्या साहेबांना आवडत नाही, पण त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. टीव्हीसमोर बसलो. अध्यक्षांनी तुझं नाव वाचलं, सैन्यातली नोकरी वाचली, सुभेदार म्हणून निवृत्त झालास ते वाचलं. आपल्या गावाचं नाव चुकीचं उच्चारलं. सगळं सभागृह उभं राहिलं. मीही घरात उभा राहिलो, आणि स्वयंपाकघरातून मंगल आली, तीही पदर सावरून माझ्या शेजारी उभी राहिली. मग अध्यक्षांनी सांगितलं की दिवंगत सदस्याच्या सन्मानार्थ सभागृह दिवसभरासाठी तहकूब करण्यात येत आहे.

म्हणजे शुक्रवार गेला. फक्त तुझा नाही. तुझ्या वर दहा जण होते, तुझ्या खाली किती होते ते मी मोजलं नाही. कुणी केरळहून आला असेल, कुणी आसामातून, बगलेत फाईल धरून महिनोन् महिने वाट बघत असेल. इतके दिवस तुझं विधेयक कुणाच्या ना कुणाच्या पायी अडत होतं. या वेळी सगळ्यांचं तुझ्या पायी अडलं. हे तुला कुणी सांगितलं असतं तर तू मांडीवर थाप मारून हसला असतास आणि म्हणाला असतास, "आता कळंल भाद्दरांना."

मी हसू शकलो नाही. माझ्यासोबत हसणारा तूच होतास.

*

तुझ्याविषयी लोक पेपरात लिहितायत. फौजी खासदार, साधा माणूस, वगैरे. ते त्यांनी लिहावं. मला फाटक आठवतं.

आपल्या गावाच्या पूर्वेचं रेल्वेचं फाटक. हायस्कूल रुळांच्या पलीकडे होतं. गाडीची वेळ झाली की फाटकवाला दांडा खाली सोडायचा आणि तू दप्तर छातीशी धरून त्या दांड्याखालून पलीकडे जायचास. मी थांबायचो. गाडी जाईपर्यंत, दांडा वर उठेपर्यंत थांबायचो. तू पलीकडून ओरडायचास, "वसंता, गाडी अजून रहिमतपुरात बी न्हाई आली रं." मी म्हणायचो, दांडा खाली आहे म्हणजे खाली आहे. शाळेत छडी दोघांनाही बसायची, मला उशिरासाठी आणि तुला फाटकवाल्याच्या तक्रारीसाठी. पुढे तू फौजेत गेलास आणि मी आकडेमोडीत. सगळ्यांनी उलटं होईल असं धरलं होतं. नियम मी पाळायचो, शिस्तीच्या नोकरीत तू गेलास.

त्याच फाटकातून दरवर्षी दिवाळीनंतर फलटण-माण भागातली मेंढरं पश्चिमेला जातात, घाटाकडे, आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात. रूळ दुहेरी झाले, गाड्या वाढल्या, वेगही वाढला, आणि फाटक कायमचं बंद झालं. यात चूक कुणाची होती असं मी म्हणत नाही. फाटक धोक्याचंच होतं. बाजूला रुळाखालून एक बोगदावजा रस्ता काढला. पण पावसात त्यात पाणी भरतं आणि कोरड्या दिवसात त्यातून ट्रॅक्टर आणि डंपर जातात. अंधाऱ्या बोळात समोरून डंपर आला की मेंढरं बिथरतात, तिथं शिरतच नाहीत. त्यामुळे कळप जुन्याच जागेवरून, कुलूपबंद फाटकाच्या कडेनं, रुळांवरून जायला लागले.

भैरू मेंढपाळ तिथंच गेला. मागे राहिलेली दोन कोकरं वळवायला तो परत फिरला आणि दुसऱ्या रुळावरून येणारी गाडी त्याला दिसली नाही. तू खासदार होऊन तेव्हा सहाच महिने झाले होते. मी तुझ्याबरोबर होतो, म्हणून मला त्याची बायको आठवते. हिराबाई. ती रडत नव्हती. घोंगडं पांघरून रुळाकडे पाठ करून बसली होती. तू नुकसानभरपाईचं बोलायला लागलास तर तिनं तुला मधेच थांबवलं.

"गाड्या पळू द्या सायेब. फाटक बी बंद करा. पर आदी दुसरी वाट द्या, मंग कुलूप लावा."

परत येताना जीपमध्ये तू एवढंच म्हणालास, "बाईनं कायदा सांगितला गड्या. निस्ता टाईप करायचा राहिलाय."

*

टाईप करायला किती वेळ लागला ते तुला आणि मलाच माहीत.

तुझी घाई मला पटत नव्हती, हे तुला शेवटपर्यंत माहीत होतं. खाजगी सदस्याचं विधेयक मंजूर होत नसतं, हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा सातारच्या तुझ्या घरी वरच्या खोलीत बसलो होतो, वहिनींनी भाजलेल्या शेंगा आणून ठेवल्या होत्या. तू शेंगा फोडत फोडत म्हणालास, "मंजूर कुणाला करायचंय? मला मांडायचंय. मांडलं की ते छापलं जातं, त्याला नंबर मिळतो. मंग उद्या कुणी म्हणू शकत न्हाई की हे कुणी मागितलंच न्हवतं."

मांडायचं म्हणजे काय, तर अध्यक्ष नाव पुकारतात, सदस्यानं आपल्या जागेवर उठून परवानगी मागायची, सभागृह हो म्हणतं, आणि सदस्यानं म्हणायचं, मी विधेयक मांडतो. अर्ध्या मिनिटाचं काम. त्या अर्ध्या मिनिटासाठी तू जवळजवळ अडीच वर्षं धडपडलास.

पहिल्यांदा ते परत आलं, कारण त्याला खर्चाचं निवेदन जोडलेलं नव्हतं. सरकारी तिजोरीतून खर्च होणार असेल तर अंदाजे किती होईल ते विधेयकासोबत लिहून द्यावं लागतं. तू मला फोन केलास आणि म्हणालास, टाक एखादा आकडा. मी म्हणालो, एखादा आकडा मी टाकत नसतो. आणि इथून आपलं जे भांडण सुरू झालं ते मिरजेच्या दवाखान्यापर्यंत चाललं.

मी बंद झालेली फाटकं शोधली, कुठे मेंढरांची वाट जाते ते शोधलं, एका वाटेला काय खर्च येईल ते बांधकामातल्या माणसांना विचारलं. यात एक अधिवेशन गेलं. "तुझ्या पै-पैच्या पायी अधिवेशन गेलं," असं तू चारचौघांत सांगायचास. मी आजही म्हणतो, माझं बरोबर होतं. चुकीच्या आकड्यावर पहिल्या दिवशी हसले असते आणि नंतर कुणी वाचलंच नसतं.

दुसऱ्यांदा ते तुझ्या सहीमुळे परत आलं. तुझी नोंदवलेली सही इंग्रजीत होती, फौजेतली, एका झटक्यातली. आणि या कागदावर तू मराठीत सही केलीस. का, म्हणून मी विचारलं तर म्हणालास, "हिराबाईचा कागद हाय. तिच्या म्होरं इंग्रजीत सही कशी करू?" हिराबाईला दोन्ही वाचता येत नाही, हे मी तुला सांगितलं. त्यावर तू रागावलास आणि दोन दिवस फोन केला नाहीस. तिसऱ्या दिवशी केलास तो, इंग्रजीत सही करून पाठवलं हे सांगायला.

मग एक शुक्रवार गोंधळात बुडाला. तुझा क्रमांक चौथा होता. सभागृहात घोषणा चालू झाल्या, कामकाज थांबलं आणि थांबलेलंच राहिलं. ते मी समजू शकतो. त्यात ना तुझा काही हात होता, ना माझा.

पण त्यानंतरचा शुक्रवार, दिनकर, तो मात्र तुझा स्वतःचा होता.

मी टीव्हीवर बघत होतो. सभागृह शांत होतं. दुपारच्या वेळी असतात तेवढेच लोक होते. एकेक नाव पुकारलं जात होतं, एकेक जण उठत होता, मांडून बसत होता. गाडी सुरळीत चालली होती. तुझं नाव पुकारलं गेलं. कॅमेरा तुझ्या जागेवर गेला आणि तिथं पांढऱ्या केसांचे, काठी घेतलेले एक गृहस्थ बसलेले होते. ते मान वळवून मागे बघत होते. मी टीव्हीला म्हणालो, अरे, हा कोण? अध्यक्षांच्या आसनावरून पुन्हा नाव पुकारलं गेलं. मागच्या रांगेत टोकाला तू उभा राहिलेला दिसलास. हात वर करून काहीतरी बोलत होतास, पण आवाज येत नव्हता, कारण तो ध्वनिक्षेपक तुझा नव्हता. तुला सांगण्यात आलं, आपल्या जागेवरून बोला. तू निघालास. त्या बाकांमधून, लोकांचे गुडघे चुकवत, माफी मागत, फौजी असून इतका हळू. तोवर पुढचं नाव पुकारलं गेलं होतं. पुढचा माणूस उठला होता. आणि तू मधल्या वाटेत उभा राहिलास.

तू नंतर म्हणायचास की शेवटी पुन्हा संधी देतील असं वाटलं होतं. दिलीही असती. पण यादी संपण्याआधी कुठल्याशा दुसऱ्या विषयावरून गलका झाला आणि सभागृह तहकूब झालं. अधिवेशनाचा तो शेवटचा शुक्रवार होता.

त्या दिवशी मी तुला फोनवर जे बोललो ते मी इथे लिहीत नाही. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि मग सांगितलंस. ते गृहस्थ पूर्वेकडच्या राज्यातले, आठव्यांदा निवडून आलेले. त्यांचा गुडघा आखडतो. त्यांची जागा मागे, दोन पायऱ्या चढून. तुझी जागा वाटेच्या कडेला. ते दाराशी काठी टेकून उभे होते, आणि तू उठलास आणि म्हणालास, बसा.

"म्हातारा माणूस उभा हाय आन मी बसून ऱ्हाऊ व्हय?" तू म्हणालास. "एष्टीत बी आपण उठतो गड्या."

"ही एसटी नव्हे," मी म्हणालो.

"माणूस तर म्हाताराच होता न्हवं?"

आपल्याकडचा कुणीही उठला असता. साताऱ्याच्या स्टँडवर, मिरजेच्या पॅसेंजरमध्ये, कुणाच्या लग्नाच्या मांडवात. देशाच्या लोकसभेत उठू नये, हे तुला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी तू ऐकलं नसतंस. तू त्या गृहस्थांना हेही सांगितलं नाहीस की तुझा नंबर येतोय. का नाही सांगितलंस, विचारलं तर म्हणालास, "मंग ते बसले नसते."

*

आता कलम तीनबद्दल. आपला खरा वाद तोच होता, बाकी सगळ्या कुरबुरी.

कलम तीन तू लिहिलंस तसं होतं: मेंढपाळांची व गुरांची वहिवाट असलेलं फाटक बंद करण्याच्या आधी, त्या वहिवाटीसाठी दुसरी सुरक्षित वाट बांधून पूर्ण केली पाहिजे. मी म्हणत होतो, 'आधी' काढ. 'फाटक बंद केल्यापासून दोन वर्षांच्या आत' असं लिही. कारण 'आधी' म्हटलं की सगळा खर्च एकाच वेळी अंगावर येतो. वाट होईपर्यंत फाटक उघडं ठेवायचं, म्हणजे गाड्या सावकाश चालवायच्या, राखणदार ठेवायचे, त्याचा खर्च वेगळा. आकडा इतका फुगतो की बघणारा पहिल्या पानावरच मान हलवेल. 'दोन वर्षांच्या आत' म्हटलं तर खर्च विभागला जातो, निदान कुणी वाचेल तरी. मी तुला दोन्ही तक्ते करून दाखवले होते. तू ते बघितलेस, चष्मा काढून पुसलास, पुन्हा बघितलेस.

"हे समदं बरोबर हाय," तू म्हणालास. "फकस्त ती दोन वर्सं मेंढरं कुठनं जात्याली, त्याचा एक रकाना काढ."

तो रकाना मी काढू शकलो नाही. पण माझं म्हणणंही सोडलं नाही. तू साताऱ्याहून फोन करायचास, मी सांगलीतून, आणि हवापाण्याचं बोलून झालं की तू विचारायचास, "काय म्हणतंय तुझं दोन वर्सं?" मी विचारायचो, "तुझं आधी काय म्हणतंय?" मंगल म्हणायची, तुम्ही दोघं एकमेकांच्या पोरांची चौकशी करावी तशी शब्दांची करता.

मग तुझं पोट दुखायला लागलं, आणि ते साधं दुखणं नव्हतं.

मिरजेला तुला हलवलं तेव्हा मी रोज संध्याकाळी कारखान्यातून थेट यायचो. तंबोरे करतात त्या गल्लीतून चालत. तिथं दुकानात कुणी ना कुणी एखादी तार जुळवत बसलेलं असायचं, एकच स्वर पुन्हा पुन्हा. तू विचारायचास, आज काय वाजत होतं? मी म्हणायचो, वाजत नव्हतं, अजून लावतच होते. तू म्हणायचास, "आपल्यासारखंच की."

शेवटच्या आठवड्यात यादीत तुझा नंबर लागणार असं कळलं. तू मला म्हणालास, विमानाचं तिकीट काढ. वहिनी पलीकडे मोसंबी सोलत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"आवं, उठून बसाया येत न्हाई आन दिल्लीला निघालाय व्हय?"

"अर्धा मिनिट उभं राहायचंय सुमन. जास्त न्हाई."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, डॉक्टर सोडणार नाहीत दिनकर. मला वाटलं, आता भांडशील. फाटकाच्या दांड्याखालून निघालेला माणूस, तू भांडायलाच हवं होतंस. तू भिंतीकडे तोंड केलंस आणि म्हणालास, "बरं. मंग तू लिही तुझं दोन वर्सांच्या आत. मी सही करतो. पुढच्या टायमाला कुणी तरी तेवढं तरी मांडंल."

इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा माझं ऐकलंस. मला ते नको होतं. उद्या कागद आणतो, असं मी म्हणालो, आणि आणला नाही. मंगळवारी तू विचारलंस, आणलास का? मी म्हणालो, कारखान्यात प्रिंटर बंद आहे. प्रिंटर चालू होता. तुला ते कळलं असावं, कारण तू डोळे मिटूनच थोडासा हसलास. त्यानंतर आपण बोललो ते फक्त पाणी हवं का, उशी वर करू का, एवढंच. जे सांगायचं होतं ते हे की वाद माझा असला तरी मला तो जिंकायचा कधीच नव्हता. चालू ठेवायचा होता. हे मला तेव्हा सुचलं नाही. आकड्यांच्या माणसाला अशी वाक्यं वेळेवर सुचत नाहीत.

*

गावात तेराव्याला हिराबाई आली होती. घाटाकडून एसटीनं, मेंढरं दिराच्या भरवशावर ठेवून. मांडवात मोठी माणसं बसली होती, म्हणून ती बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिला आत बोलावलं, ती आली नाही. तिथंच तिनं विचारलं, "त्यो कागद मांडला का?"

मी म्हणालो, नाही.

"एकदा बी न्हाई?"

मी तिला सांगू लागलो. खर्चाचं निवेदन, सही, गोंधळ, जागा. ती ऐकत होती. मधे मधे मान हलवत होती, आजाऱ्याचा हालहवाल ऐकताना हलवतात तशी. जागेचं ऐकल्यावर तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतेय. मग म्हणाली, "उठलं व्हय म्हाताऱ्यासाठी? बरं केलं."

आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "आमचं राहिलं म्हना की मंग."

ती जेवून गेली. मी तिला स्टँडवर सोडायला निघालो तर म्हणाली, चालत जाते, फाटकाकडनं. त्या वाटेनं जाऊ नका असं मी म्हणायला हवं होतं, पण दुसरी वाट कुठली सांगणार होतो?

त्यानंतर मी घरी नीट बोलत नव्हतो, असं मंगल म्हणते. मुलं पुण्याला असतात, रविवारी फोन करतात. कारखान्यात लोक आहेत, बोलतात. पण दिवसाकाठी एखादी गोष्ट अशी घडते की ती फक्त तुलाच सांगण्यासारखी असते. साखरेच्या पोत्यांच्या मोजणीत घोळ झाला आणि तो कसा सापडला, ही गोष्ट मी आता कुणाला सांगू? मंगल ऐकते, पण तिला घोळात गंमत वाटत नाही. तुला वाटायची. तू मधेच म्हणायचास, थांब, थांब, पहिल्यापासून सांग. आता पहिल्यापासून सांग म्हणणारं कुणी नाही.

*

परवा दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. हिंदीत, सावकाश, म्हाताऱ्या आवाजात. त्यांनी नाव सांगितलं, ते मला कळलं नाही. मग म्हणाले, त्या दिवशी तुमच्या मित्राच्या जागेवर मी बसलो होतो.

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. का, ते माहीत नाही.

ते म्हणाले, तुमच्या मित्रानं मला सांगितलंच नाही की त्यांचा नंबर येतोय. मी नंतर विचारलं तर म्हणाले, तुमचा गुडघा कसा आहे? असा माणूस मी आठ निवडणुकांत बघितला नाही. मग म्हणाले, ते विधेयक आता त्यांच्या नावावर चालणार नाही. पण मी ते माझ्या नावानं देऊ शकतो. नव्यानं सूचना द्यावी लागेल, महिन्याची मुदत जाईल, पण पुढच्या अधिवेशनात येईल. खर्चाचा हिशेब तुम्ही केला होता असं ते सांगायचे. खर्चाचं निवेदन नव्यानं करून द्याल का?

मी म्हणालो, देतो.

त्यांनी विचारलं, "मूळ मसुद्यात काही बदलायचं आहे? तुमचं कलम तीनबद्दल काही वेगळं मत होतं असं ते म्हणायचे."

दिनकर, तू त्यांनाही सांगितलं होतंस. पूर्वेकडच्या कुठल्याशा म्हाताऱ्या खासदाराला संसदेच्या कॅन्टीनमध्ये बसून तू सांगितलं असशील की माझा एक मित्र आहे, लय बेरका, त्याच्याशी माझं भांडण आहे. ते वाट बघत राहिले. त्यांना वाटलं असेल, लाईन तुटली.

आता ते माझ्या हातात होतं. अडवणारं कुणी नव्हतं. मी 'दोन वर्षांच्या आत' म्हणालो असतो तर त्यांनी तसंच लिहून घेतलं असतं, आणि माझी कारणं आजही पक्की आहेत, एकही चुकीचं नाही. पण मग मला ती चालत गेलेली बाई दिसली, आणि तो रकाना.

मी म्हणालो, "नाही. 'आधी' तसंच ठेवा."

"बरं," ते म्हणाले.

"आणि एक विनंती आहे," मी म्हणालो. "नाव पुकारतील तेव्हा तुम्ही तुमच्याच जागेवर बसा. कुणीही येऊन उभं राहिलं तरी."

ते हसले. म्हाताऱ्या माणसाचं हसणं, खोकल्यात संपलं. खोकला थांबल्यावर म्हणाले, "कुणी उभं राहिलं तर कठीण आहे, साहेब. तुमच्या मित्रानं सवय लावली."

तेव्हापासून मी निवेदन करत बसलोय. फाटकं पुन्हा पडताळली, काही नवी बंद झाली आहेत ती घातली, बांधकामाचे दर आताचे घेतले. 'आधी' धरून बेरीज केली. आकडा मोठाच आला, मी सांगत होतो तेवढा. उलट थोडा जास्तच. तुला वाकुल्या दाखवाव्यात असा आला आहे.

तीनदा तपासला. चौथ्यांदा तपासायला लागलो की तू ओरडायचास, "बास की गड्या, आता पाठीव." काल चौथ्यांदा तपासला, कुणी ओरडलं नाही. आज सकाळी पाचव्यांदा. मंगल चहा ठेवून गेली, तो गार झाला. आकडा बरोबर आहे, मला माहीत आहे तो बरोबर आहे. पण बास म्हणणारं कुणी नाही, दिनकर, म्हणून मी अजून तपासतोच आहे.